तीन लाईफ आणि दहा मिनिटं

गेम दहा मिनिटांच्या आत संपला पाहिजे, खेळणाऱ्याला तीन लाईफ मिळाले पाहिजेत आणि वर कोपऱ्यात स्कोअर दिसला पाहिजे. साधारण या अर्थाचं उत्तर थॉर्न ईएमआय या बड्या ब्रिटिश कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांना दिलं. तुमचा गेम छान आहे हो, पण हे असं कोण खेळणार? ते दोघे गेले दुसऱ्या दारात, आणि जे बाहेर आलं ते 'एलीट'. २० सप्टेंबर १९८४ रोजी बाजारात आलेला हा गेम आज कॉम्प्युटर गेमच्या कुठल्याही इतिहासात सापडतो.

ही गोष्ट नेहमी 'मूर्ख पब्लिशर आणि हुशार पोरं' अशी सांगितली जाते. सांगायला सोपी, ऐकायला गोड. स्वतःचा गेम घेऊन पब्लिशरच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कुणालाही ती ऐकून बरं वाटतं. मला मात्र ती जितकी वाचतो तितकी अर्धवट वाटते. थॉर्न ईएमआयचा माणूस मूर्ख नव्हता, आणि ज्यांनी होकार दिला ते काही द्रष्टे वगैरे नव्हते. मग फरक कशाने पडला? यासाठी आधी थोडं यंत्राकडे बघावं लागेल.

बीबीसी मायक्रो नावाचा घरगुती संगणक १९८१ च्या अखेरीस आला. लोकांना संगणक शिकवायचा, त्यासाठी टीव्हीवर कार्यक्रम करायचा, आणि कार्यक्रमासोबत एक यंत्रही हवं, म्हणून बीबीसीने केंब्रिजच्या अकॉर्न कंपनीला हे काम दिलं. (हीच ती अकॉर्न, जिने पुढे एआरएम प्रोसेसर जन्माला घातला. तुमच्या खिशातल्या मोबाईलचं आजोळ म्हणा ना.) हे यंत्र आपल्याकडेही आलं होतं बरं का. १९८४-८५ पासून भारत सरकारच्या 'क्लास' योजनेत देशातल्या निवडक शाळांमध्ये जे संगणक पोचले ते बीबीसी मायक्रोच. चाळिशी-पन्नाशीतल्या काही वाचकांनी शाळेच्या कुलूपबंद 'कॉम्प्युटर रूम'मध्ये चपला बाहेर काढून त्याचं दर्शन घेतलंही असेल.

यंत्राची ताकद किती? मेमरी ३२ किलोबाइट. त्यातून स्क्रीन आणि सिस्टीमचा वाटा काढला की गेमसाठी उरणार सुमारे २२. आज मोबाईलवर काढलेला एक साधा फोटो याच्या शंभरपट जागा खातो. प्रोसेसर ६५०२, वेग २ मेगाहर्ट्झ, आणि त्याला गुणाकार येत नाही. अक्षरशः येत नाही, तशी सूचनाच नाही त्यात. बेरजा करा, बिट सरकवा आणि आपला गुणाकार आपण करून घ्या.

डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल १९८२ साली केंब्रिजच्या जीझस कॉलेजात भेटले. बेल गणिताचा विद्यार्थी, ब्रेबन विज्ञान शिकणारा. ब्रेबनने अकॉर्नच्याच आधीच्या ॲटम या स्वस्त संगणकावर त्रिमितीत फिरणारी यानं काढून दाखवली होती. बेलला गेम लिहायचा सराव होता, 'फ्रीफॉल' नावाचा त्याचा एक गेम अकॉर्नसॉफ्टने, म्हणजे अकॉर्नच्या सॉफ्टवेअर शाखेने, छापलाही. (गेम 'छापणे' हा शब्दप्रयोग तेव्हा अगदीच चुकीचा नव्हता. कॅसेट, पुस्तिका, खोका, सगळं खरोखरच छापून दुकानात जायचं.)

दोघांनी मिळून जे करायला घेतलं ते असं. तुम्ही एका यानाचे कप्तान. खिशात १०० क्रेडिट. एका ग्रहावर माल घ्यायचा, दुसऱ्यावर विकायचा. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त, औद्योगिक ग्रहावर महाग, संगणकांचं उलट. म्हणजे जळगावची केळी मुंबईत आणि मुंबईचे पंखे जळगावात, इतकं साधं अर्थशास्त्र. वाटेत चाचे भेटतात, त्यांच्याशी लढा किंवा पळा. पैसे साठले की यानाला चांगली शस्त्रं बसवा, मोठं गोदाम लावा. वाटलं तर अंमली पदार्थांची तस्करी करा आणि पोलिसांना मागे लावून घ्या. गेम तुम्हाला हे कर, ते कर असं काही सांगत नाही. संपतही नाही. रात्री सेव्ह करून झोपायचं, उद्या पुढे.

आता हे वर्णन वाचून तुम्हाला यात काही नवल वाटणार नाही, कारण गेल्या चाळीस वर्षांत असे शेकडो गेम आले. पण तेव्हाचा काळ डोळ्यांसमोर आणा. गेम म्हणजे नाणं टाकून खेळायचं कपाट. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'पासून सगळ्या धंद्याची घडी त्या कपाटाने बसवलेली. कपाटाचा मालक पैसे कधी कमावतो? तुम्ही हरता तेव्हा. गेम पाच-दहा मिनिटांत संपला तरच पुढचं नाणं पडणार, मागे उभा असलेला पोरगा पुढे येणार. तीन लाईफ यासाठी, की पहिल्याच फटक्यात मेलो तर गिऱ्हाईक चिडतं. स्कोअर यासाठी, की वरच्याचा आकडा बघून पुन्हा नाणं टाकावंसं वाटावं. थोडक्यात, ज्याला सगळे 'गेमचे नियम' समजत होते ते नाण्याच्या फटीचे नियम होते.

घरच्या संगणकाला ती फटच नाही! तुम्ही कॅसेट एकदा विकत घेतली की मग दहा मिनिटं खेळा की दहा महिने, दुकानदाराला काय फरक पडतो? उलट दहा महिने खेळता येईल असं काही असेल तर चार पैसे जास्त मोजायला लोक तयार होतील. एलीटमध्ये स्कोअरच्या जागी पैसा आला, तीन लाईफच्या जागी सेव्ह करण्याची सोय आली. फट नसेल तर काय करता येईल, याचा दोन पोरांनी मुळापासून केलेला हा विचार होता. थॉर्न ईएमआयकडे मात्र तपासायची पट्टी जुनी होती.

तरी त्या माणसाची बाजू मी घेणार आहे. थॉर्न ईएमआय म्हणजे टीव्ही, दिवे, सिनेमा आणि संगीताच्या तबकड्या (बीटल्सच्या काढणारी ती ईएमआय हीच) असा अवाढव्य पसारा. त्यात गेम हे एक छोटंसं दुकान. तिथल्या माणसाला वरच्यांना उत्तर द्यायचं असतं. 'यासारखं आधी काय विकलं गेलंय?' हा त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न, आणि एलीटच्या बाबतीत त्याचं खरं उत्तर 'काहीच नाही' असं होतं. नोकरी करणारा कुठलाही शहाणा माणूस 'काहीच नाही' या उत्तरावर सही करत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात क्लायंटसमोर प्रेझेंटेशन करताना हा प्रश्न वेगवेगळ्या वेषांत मी इतक्या वेळा ऐकलाय की तो विचारणाऱ्याचा राग यायचा आता बंद झालाय.

मग अकॉर्नसॉफ्टने हो का म्हटलं? डेव्हिड जॉन्सन-डेव्हिस तेव्हा अकॉर्नसॉफ्टचे प्रमुख होते. त्यांच्या लोकांसमोर चालता डेमो आला: काळ्या आकाशात तारे, त्रिमितीत वळणारी यानं, गरागरा फिरणारं अंतराळस्थानक. आणि सगळं त्यांच्याच यंत्रावर, ज्यावर हे शक्य आहे असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. हा डेमो थॉर्न ईएमआयला एक गेम वाटला. अकॉर्नसॉफ्टला ती आपल्या संगणकाची जाहिरात वाटली असणार. आई कंपनी यंत्र विकते. यंत्र महाग, समोर सिंक्लेअरचा स्वस्त स्पेक्ट्रम. 'आमच्याकडे हे चालतं, तिकडे नाही' असं म्हणता येईल असा एखादा कार्यक्रम त्यांना हवाच होता. शिवाय तिथे निर्णय घेणाऱ्यांना ६५०२ आतून-बाहेरून माहीत. समोर दिसतंय ते किती अवघड आहे हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या मते निम्मं पिच तिथेच झालं. दाखवलं तेच, बघणारे बदलले.

उदाहरणादाखल ती स्क्रीनच घ्या. बीबीसी मायक्रोवर एकतर बारीक रेषांचं पण दोनच रंगांचं चित्र मिळायचं, किंवा चार रंगांचं पण जाडंभरडं. यांनी काय केलं, वरचा भाग पहिल्या प्रकारात ठेवला, खालचं नियंत्रण-फलक दुसऱ्या प्रकारात, आणि टीव्हीवर चित्र उमटत असताना, दर वेळी, दोन भागांच्या सीमेवर येताच टायमर लावून मोड बदलला. सेकंदाला पन्नास वेळा! हे बघून सामान्य माणूस म्हणेल, 'खाली रंगीत आहे, छान.' ज्याने ते यंत्र बनवलंय तो खुर्चीवरून उठेल.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग, जो 'मूर्ख पब्लिशर' वाल्या कथेत सहसा गाळला जातो.

२२ किलोबाइटमध्ये अख्ख्या विश्वाचे ग्रह कसे मावले? ते साठवलेच नव्हते. सहा बाइटचं एक बीज घ्यायचं, फिबोनाची मालिकेसारखं पुढचा आकडा आधीच्यांच्या बेरजेतून काढत जायचं, आणि त्यातून ग्रहाचं नाव, जागा, सरकार, भाव, सगळं दर वेळी नव्याने मोजायचं. बीज तेच, म्हणून ग्रहही दर वेळी तोच. सहा बाइट म्हणजे ४८ बिट. शक्यता किती? दोनचा अठ्ठेचाळिसावा घात, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी. पोरं अर्थातच हरखून गेली. एवढ्या दीर्घिका देऊन टाकू, असा त्यांचा बेत होता.

अकॉर्नसॉफ्टने सांगितलं, नको. आठ दीर्घिका पुरेत, प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढा अफाट आकडा ऐकला की हे सगळं गणिताने पाडलेलं आहे, यात माणसाचा हात नाही, हे खेळणाऱ्याला लगेच कळेल आणि जादू संपेल. २०४८ ग्रह मात्र एखाद्याने बसून लिहिलेही असतील, असं वाटू शकतं. आणि आठच का, तर बीजातला प्रत्येक बाइट एकेक बिट गोल फिरवला की पुढची दीर्घिका मिळते. आठ वेळा फिरवलं की गाडी पुन्हा पहिल्या ठिकाणी. सुंदर आहे की नाही? शिवाय दीर्घिका मोजक्या ठेवल्यामुळे त्या तपासताही आल्या. एका दीर्घिकेतल्या ग्रहाला यंत्राने आपसूक एक इंग्रजी असभ्य नाव दिलं होतं, म्हणून ती अख्खी दीर्घिका बाद झाली असा किस्सा आहे.

ही सूचना कुणा पैसेवाल्याच्या लुडबुडीतून आली नव्हती. ते चांगलं संपादन होतं. लेखकाला प्रकाशक लागतो तो एवढ्यासाठीच, आणि 'पब्लिशर हवेतच कशाला' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा बघावा. खोक्यातही अकॉर्नसॉफ्टने हात आखडता घेतला नाही. जाडजूड पुस्तिका, रॉबर्ट होल्डस्टॉक या लेखकाकडून लिहून घेतलेली 'द डार्क व्हील' ही छोटी कादंबरी, आणि 'एलीट' पदाला पोचल्यावर कंपनीला पाठवायचं पोस्टकार्ड. त्या पदासाठी ६४०० शत्रूयानं पाडावी लागत. पोस्टकार्डं आली, ढिगाने आली. बीबीसी मायक्रोवरच्या प्रती लाखाच्या पलीकडे गेल्या, आणि मुळात ती यंत्रंच देशात काही लाख होती, हे लक्षात घ्या.

इतर संगणकांसाठीचे हक्क पोरांनी स्वतःकडे ठेवले होते. हे त्यांना कसं सुचलं देव जाणे, पण अकॉर्न १९८५ च्या सुरुवातीला पैशाच्या अडचणीत येऊन ऑलिव्हेट्टीच्या दारात गेली तेव्हा ते फार कामाला आलं. त्या हक्कांसाठी चक्क लिलाव झाला, आणि तो जिंकला ब्रिटिश टेलिकॉमने. हो, टेलिफोनवाल्यांनी! त्यांनी 'फायरबर्ड' नावाने गेमची शाखा काढली होती. (आपल्याकडे तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागायचं, त्यामुळे टेलिफोन खातं गेम विकतंय ही कल्पनाच मला अजून पचत नाही.) दोन-तीन वर्षांपूर्वी ज्याला 'हे कोण खेळणार' असं उत्तर मिळालं होतं, त्यावर आता बोली लागत होती. यासारखं आधी काय विकलं गेलंय, या प्रश्नाला आता उत्तर होतं ना!

हा प्रकार एकट्या एलीटचा नाही. अटलांटिकच्या पलीकडे विल राइटने १९८५ मध्ये कमोडोर ६४ वर शहर वसवायचा गेम जवळपास तयार केला होता. ब्रोडरबंड कंपनीने त्याचा आधीचा, बॉम्ब टाकायचा गेम छापला होता. पण शहर वसवण्यात जिंकायचं कुठे आणि हरायचं कुठे, हे त्यांना कळेना. गेम पडून राहिला. जेफ ब्राउनबरोबर राइटने १९८७ मध्ये मॅक्सिस काढली, आणि १९८९ मध्ये 'सिमसिटी' आला. तो दुकानात पोचवला कुणी? ब्रोडरबंडनेच. फक्त आता जोखीम मॅक्सिसची होती, यांच्याकडे वाहतूक. नकार देणारा बहुतेक वेळा कल्पनेला नकार देत नसतो, जोखमीला देतो.

एलीटची गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहायला घेतली नसती. पुढे बेल आणि ब्रेबनचं बिनसलं. १९९३ चा दुसरा भाग चांगला चालला, १९९५ चा तिसरा अर्धवट अवस्थेत बाजारात आला आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. ब्रेबनने १९९४ मध्ये फ्रंटियर डेव्हलपमेंट्स ही कंपनी काढली होती. तिने दुसऱ्यांसाठी बरेच गेम केले, 'रोलरकोस्टर टायकून ३' वगैरे. एलीटचा चौथा भाग मात्र बोलण्यातच राहिला. पब्लिशरांचे तक्ते आता जाडजूड झाले होते, पण पहिल्या रकान्यातला प्रश्न तोच. आणि अंतराळातला व्यापार हा प्रकार आता 'पूर्वी चालायचं' या खात्यात गेला होता.

२०१२ च्या सुरुवातीला टिम शेफर या अमेरिकन गेमकाराने किकस्टार्टरवर थेट लोकांकडे ४ लाख डॉलर मागितले आणि त्याला ३३ लाख मिळाले. तोही असाच, पब्लिशरांनी 'संपलं ते' म्हटलेल्या जातीचा गेम. त्याच वर्षी नोव्हेंबरात, किकस्टार्टर ब्रिटनमध्ये सुरू होताच, ब्रेबन तिथे उभा राहिला. मागणी १२.५ लाख पौंड. ४ जानेवारी २०१३ ला मुदत संपली तेव्हा जमा होते १५.७ लाखांहून जास्त, देणारे पंचवीस हजारांवर.

गंमत बघा. थॉर्न ईएमआयसमोर दोन अनोळखी पोरं चालता डेमो घेऊन गेली होती आणि नकार मिळाला. २०१२ मध्ये मोहीम सुरू करताना दाखवायला फारसं काही नव्हतं, पण नाव होतं आणि हजारो लोकांच्या शाळकरी रात्रींची आठवण होती. पैसे देणारे हे लोक म्हणजे १९८४ चं तेच गिऱ्हाईक, आता नोकरीधंद्याला लागलेलं. यावेळी पिच झालंच नाही म्हटलं तरी चालेल. कर्जवसुली म्हणा हवं तर, आनंदाने झालेली.

पण पंचवीस हजार मालक झाले की पंचवीस हजार अपेक्षाही येतात. मोहीम चालू असतानाच लोकांनी विचारलं, इंटरनेटशिवाय एकट्याने खेळता येईल ना? कंपनी म्हणाली, येईल. नोव्हेंबर २०१४ मध्ये, गेम यायला जेमतेम महिना असताना, सांगण्यात आलं की ते जमणार नाही. सगळं विश्व सर्व्हरवर चालणार. लोक भडकले. काहींनी पैसे परत मागितले. पब्लिशरला दिलेला शब्द मोडला तर करार असतो, वकील असतात. इथे देणगीदारांच्या हातात काय होतं? पब्लिशर जे फुकटात देत असतो, म्हणजे 'हे शब्द आत्ताच देऊ नकोस' असं वेळेवर सांगणारा एक खडूस माणूस, तो इथे नव्हता. १६ डिसेंबर २०१४ ला 'एलीट: डेंजरस' आला, चांगला चाललाही, पण इंटरनेटशिवाय सुरू न होणारा.

मूळ एलीटला इंटरनेट लागत नाही. इयन बेलने जुन्या आवृत्त्या आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवून दिल्या, आणि २०२० मध्ये एका हौशी प्रोग्रामरने बीबीसी मायक्रोवरचा सगळा सोर्स ओळीओळीला टिपा देऊन जालावर मांडला. असेंब्ली येत नसेल तरी ग्रहांच्या बीजाचा भाग वाचून बघा, कळेल. आणि इम्युलेटरवर खेळायला बसलात तर सुरुवात लेव्ह या ग्रहापासून होते. धान्य भरा, जवळचा एखादा औद्योगिक ग्रह गाठा. फिरत्या स्थानकात शिरताना पहिले काही दिवस आपटणार, तेव्हा माल विकला की लगेच सेव्ह करत चला.